रंगविलेल्या बाहुल्या आणि नळदुर्गचा वेढा

तेर हे धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे गाव. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक व्यापारी त्याला ‘तगर’ म्हणून ओळखत. ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे. तेथील लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन लहान मूर्ती ठेवलेल्या आहेत. त्यांतल्या पांढऱ्या केओलीन मातीच्या मूर्तींची घडण ध्यानात घेण्यासारखी आहे. पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्या साच्यात, आणि दोन्ही अर्धे जोडून आत पोकळ अशी आकृती. साचा हाती आला की एकीसारख्या दहा मूर्ती निघणार. माणसाला हातात मावेल एवढा लहान करण्याची कला आमच्या जिल्ह्याला परकी नाही, एवढे यावरून म्हणावयास हरकत नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, अशाच लहान आकृतींवर जगात एक नवा खेळ उभा राहिला आहे. त्याची वंशावळ थोडक्यात अशी. १८२४ मध्ये प्रशियाचा लेफ्टनंट फॉन राइसवित्झ याने नकाशावर ठोकळे मांडून लढाई शिकविण्याचा खेळ सैन्यापुढे ठेवला. त्यात निवाडा देण्यास एक पंच असे. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने खेळण्यातील शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने छापले. पुढे १९७४ साली अमेरिकेत गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. त्यात खेळाडूकडे पलटण नसते, एकच पात्र असते. आणि पंचाचा झाला सूत्रधार. तो प्रसंग सांगतो, खेळाडू आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात. पहिल्या नियमपुस्तकाने बाहुल्या आवश्यक मानल्या नव्हत्या. त्या केवळ नेत्रसुखासाठी, असे त्यात म्हटले होते.

आम्हांला हे मत अपुरे वाटते. बाहुलीचा खरा उपयोग आमच्या मुलांना दिवाळीत कळतो. पश्चिम महाराष्ट्रात अंगणात मातीचा किल्ला होतो, त्यावर अळीव पेरतात, माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज आणि उतारावर रंगीत मावळे. मावळा दरवाजाहून उंच असतो, त्याचे कोणाला काही वाटत नाही. पण ज्या क्षणी मूल मावळ्याला बुरुजावरून उचलून चोरवाटेवर ठेवते, त्या क्षणी ‘येथून तेथवर किती अंतर? वरच्याला खालचा दिसेल काय?’ हे प्रश्न उभे राहतात. इतिहासाचे अर्धे प्रश्न याच जातीचे आहेत.

आता तोच डाव आमच्या जिल्ह्यात मांडून पाहू. १५८० च्या सुमारास निजामशाही आणि कुतुबशाही फौजांनी मिळून आदिलशाहीच्या नळदुर्गास वेढा घातला; किल्ला पडला नाही. सूत्रधाराने मेजावर बोरी नदीचे वळण काढावे, तट उभा करावा. येथे पहिलाच खेळाडू म्हणेल, ‘मधला बंधारा आणि पाणीमहाल कोठे आहे?’ सूत्रधाराला सांगावे लागेल की, तो दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळी, १६१३ च्या सुमारास झाला; या वेढ्यातल्या शिपायाने तो पाहिलेलाच नाही. आज नर-मादी धबधबे पाहून परतणाऱ्या प्रवाशाला किल्ला आणि पाणीमहाल एकाच दिवशी जन्मल्यासारखे वाटतात. मेजावरचा एक रिकामा कोपरा तो गैरसमज दूर करतो.

रंगाचे काम याहून नाजूक आहे. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबरने परांड्याच्या किल्ल्यात दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसविले. हा प्रसंग मांडायचा तर अंबरची बाहुली रंगवावी लागेल. तो जन्माने हबशी, गुलाम म्हणून दक्षिणेत आलेला. पुढील काळातल्या चित्रांत तो काळ्यासावळ्या वर्णाचा, पांढऱ्या जाम्यात दिसतो. त्या राज्याच्या चाकरीत दख्खनी मुसलमान होते, हबशी होते, मराठे सरदारही होते. बाजारच्या साच्यातला एकरंगी ‘शत्रू’ येथे चालावयाचा नाही. पुस्तक वाचताना ‘फौज’ हा शब्द डोळ्याआडून निघून जातो. कुंचला हातात घेतला की प्रत्येक चेहऱ्याला कोणता रंग द्यावा, डोक्याला कोणते पागोटे बांधावे, याचे उत्तर द्यावेच लागते. चुकीचा रंग ही येथे नुसती कलेतली उणीव नसते, ती इतिहासातली खोटी साक्ष ठरते.

सूत्रधाराने दोन पथ्ये मात्र पाळावीत. पात्राला जे दिसते तेवढेच मेजावर ठेवावे. झाडीत दडलेला शत्रू आधीच मांडला तर छापा कसला? आणि सगळेच बाहुल्यांनी सांगू नये. रात्रीचा अंधार, ओल्या तटाचा वास, वेढ्यातली भूक ही शब्दांचीच सत्ता आहे. बाहुलीने जागा दाखवावी, शब्दाने जीव घालावा.

तेरच्या कारागिराचा साचा एकासारखी दुसरी आकृती देत असे. आमच्या मुलांच्या मनात शत्रू आणि मित्र असे दोनच साचे राहू नयेत, असे ज्यांना वाटते त्यांनी नळदुर्ग आणि परांडा एकदा मेजावर मांडून पाहावेत. चार रंगांच्या वाट्या आणि मूठभर माती एवढेच भांडवल त्याला लागते.