निळी काच, हिरवा दिवा

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानात तुम्ही तो दिवा उचलता. जाड पत्र्याचा, हाताला जड. अंगठ्याने गंज पुसता तशी उठावाची अक्षरं लागतात: जी. आय. पी. आर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची हातबत्ती. वरचं टोपण फिरवलं की आतलं काचेचं नळकांडं कुरकुरत वळतं. पांढरी, लाल, आणि तिसरी काच चक्क निळसर. “बदललेली असणार, शेठ,” दुकानदार म्हणतो.

नाही, काच अस्सल आहे. वात पेटवा.

पायाखाली खडी सरकते. मुंबई-पुणे रेल्वेचा भोर घाट, साधारण १९१० सालची श्रावणातली रात्र. डोक्यावर इरलं, तरी धोतर पोटऱ्यांपर्यंत भिजलेलं. तुम्ही सांधेवाले आहात, रुळांची वाट बदलणारे. बत्तीच्या पत्र्याची ऊब तेवढी बोटांना मिळते. नाकात रॉकेलचा वास.

वर खंडाळ्याकडून गाडी उतरतेय. उतार असा, की काही ठिकाणी सदतीस फूट चाललं की एक फूट खाली. म्हणून सांधा एरवी कॅच सायडिंगकडेच लावलेला असतो. ब्रेक सुटलेली गाडी त्या चढाच्या रुळावर जाऊन थांबावी. गाडी आधी उभी राहते, ताबा दाखवते, मगच पुढची वाट.

शिट्टी. तुम्ही सांधा ओढता, नीट बसला का पुन्हा पाहता, आणि टोपण फिरवता. पिवळी ज्योत निळसर काचेतून बाहेर पडते ती स्वच्छ हिरवी होऊन! तेलाच्या ज्योतीसाठीच काच अशी ओतलेली. धुक्यातून इंजिन हुंकारतं. तापलेल्या लोखंडाचा वास अंगावरून जातो, झोपलेली माणसं डब्यांतून निघून जातात, शेवटचा तांबडा दिवा बोगद्यात शिरतो. घाटात असे पंचवीस बोगदे आहेत. ही वाट बांधताना हजारो मजूर मेले. तुम्ही सांधा परत सायडिंगकडे लावता. काचेवरची काजळी धोतराच्या सोग्याने पुसता.

१९२९ मध्ये घाटातल्या रेल्वेला वीज आली.

दुकानात दिवा अजून हातात आहे. आतल्या बाजूला काजळीचा थर, टोपणाची कड बोटांनी झिजून गुळगुळीत. माझ्या लेखी त्या दिव्याचं मोल या झिजेत आहे. विकत घेतलात तर पितळेचं पॉलिश लावू नका, आणि बल्बच्या वायरीसाठी त्याला भोक तर मुळीच पाडू नका.