उघड्या डोळ्याचे रक्षण

मेंदू कवटीत बंद असतो, हृदय बरगड्यांआड. डोळ्याला ही सोय नाही. उजेड आत यायचा तर पुढची बाजू उघडीच ठेवावी लागते, म्हणून तिचा रक्षक एकतर पारदर्शक हवा, नाहीतर क्षणात बाजूला होणारा. नेत्ररक्षणाच्या अभ्यासाची सगळी गंमत या अडचणीत आहे. नव्या वाचकाने ती ध्यानात ठेवली, तर पुढे येणारी किचकट नावे जड जाणार नाहीत.

भुवया आणि हाडांची खोबण शाळेच्या पुस्तकातही भेटतात. एवढेच सांगतो, की सात हाडांच्या या खोबणीचा तळ फार पातळ असतो. चेंडू जोरात बसला की पुष्कळदा तळच मोडतो, दाबाला वाट मिळते आणि नेत्रगोल वाचू शकतो.

अश्रूंपाशी मात्र थांबायला हवे. रडण्याशी त्यांचा संबंध जोडून आपण त्यांच्या रोजच्या कामावर अन्यायच करतो. डोळ्यावरचा अश्रूंचा थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो. तरी त्यात तळाशी चिकट म्युसिन, मग खारट पाणी आणि वर पापणीच्या कडेच्या ग्रंथींतून आलेले तेल असते. तेल कमी पडले की पाणी उडून जाते, डोळा चुरचुरतो आणि अश्रुग्रंथी भसाभस पाणी सोडते. म्हणूनच डोळ्यांतून सारखे पाणी गळते अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टर ‘तुमचे डोळे कोरडे आहेत’ असे सांगतात, आणि तो चक्रावतो! हा थर पापणी मिनिटाला पंधरा-वीस वेळा नव्याने पसरवते. मोबाइलकडे टक लावली की हा आकडा बराच खाली येतो. उरलेले पाणी नाकात उतरते. डोळ्यात घातलेल्या औषधाची कडू चव घशाला कळते ती त्यामुळेच. अश्रूंत लायसोझाइम नावाचे जंतुनाशक द्रव्यही असते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1922 मध्ये त्याचा शोध जाहीर केला. त्या कामासाठी अश्रू जमवायला त्यांनी लोकांच्या डोळ्यांत लिंबाच्या सालीचा रस उडवला होता.

अश्रूंच्या थराखालचे पारपटल, म्हणजे कॉर्निया, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यात मज्जातंतूंची टोके इतकी दाट, की एका डोळ्याला कण लागला तरी दोन्ही पापण्या मिटतात. रक्तवाहिन्या मात्र नाहीत. असत्या तर उजेड अडला असता. या पारदर्शकतेची किंमत शेतकरी जाणतात. उसाचे पाते डोळ्याला लागते, जखमेत बुरशी शिरते आणि रक्तातल्या संरक्षक पेशींना तिथे पोचायला वेळ लागतो. अशा वेळी न विचारता घातलेले स्टिरॉइडचे थेंब बुरशीलाच मोकळे रान देतात.

मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटतो तो याच्याही आतला बंदोबस्त. सूज म्हणजे शरीराचे नेहमीचे हत्यार, पण डोळ्यात तेच दृष्टी घालवू शकते. म्हणून डोळा शरीराच्या प्रतिकारशक्तीलाही आवर घालतो. एका डोळ्याच्या खोल जखमेने हा आवर सुटला, तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, कधी वर्षांनीही, ती प्रतिकारशक्ती दुसऱ्या, धडधाकट डोळ्यावर चाल करून जाऊ शकते. ब्रेल लिपीचा जनक लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कारखान्यातली आरी त्याच्या एका डोळ्यात घुसली. पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले होते. त्यामागे हेच असावे, असे अनेक तज्ज्ञ मानतात.