रंगशाळेतून कॅमेऱ्याकडे

सुरतेहून बारडोलीकडे जाणारा रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला जिथे छेदतो, तिथे कडोदरा आहे. आजूबाजूला कापडाच्या रंगाईच्या आणि छपाईच्या गिरण्या आहेत, आणि त्यांत खानदेशापासून ओडिशापर्यंतची माणसे राबतात. सुरती साडीचा व्यापार आता बराचसा छायाचित्रावर चालतो. दूरचा दुकानदार नमुना हातात न घेता चित्र पाहून मागणी नोंदवतो, त्यामुळे चित्रातला रंग आणि गठ्ठ्यातला रंग जुळला नाही तर माल परत येतो. म्हणून या भागात चांगला डिजिटल कॅमेरा घेणे ही चैन राहिलेली नाही. अडचण कॅमेरा आल्यानंतर सुरू होते. तबकडीवर पी, एस, ए, एम अशी अक्षरे, मेनूत पानांमागून पाने, आणि सोबत शेकडो पानांची इंग्रजी पुस्तिका. बहुतेक जण ही पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतात आणि काही दिवसांत कॅमेरा कायमचा ऑटोवर ठेवून देतात. माझे म्हणणे असे आहे की दोष या माणसांच्या बुद्धीचा नाही, शिकण्याच्या क्रमाचा आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंग्ज ज्या क्रमाने इतिहासात जन्मल्या, त्या क्रमाने आणि आपल्या भाषेत शिकल्या तर त्या अवघड नाहीत. हे आपल्याच मुलखात एकदा सिद्ध झालेले आहे, आणि तेही रंगाई शिकवणाऱ्या एका संस्थेत.

पश्चिम भारतात छायाचित्रण शिकवण्याचा पहिला संघटित प्रयत्न मुंबईत झाला. 1854 मध्ये तिथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण याच वर्गात शिकले आणि पुढे व्यावसायिक छायाचित्रकार झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही सोसायटीतले मान्यवर छायाचित्रकार होते. कॅमेरा मुंबईत पोचून फार काळ लोटला नव्हता आणि आपली माणसे तो आत्मविश्वासाने हाताळत होती, हे यावरून दिसते. पण त्या वर्गाचा दरवाजा अरुंद होता. इंग्रजी शिकलेला, फावला वेळ असलेला, काच, रसायने आणि भिंगे यांचा खर्च पेलणारा माणूसच त्यातून आत जाऊ शके. कारागिराच्या मुलाला तिथे जागा नव्हती.

ही जागा बडोद्यात तयार झाली. आज कडोदरा ज्या पलसाणा तालुक्यात आहे, तो तालुका तेव्हा गायकवाडांच्या राज्यात, नवसारी प्रांतात मोडत असे. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन सुरू केले आणि त्याची धुरा त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे दिली. गज्जर मूळचे सुरतेचे, 1863 चा जन्म, बडोदा कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. कृत्रिम रंग युरोपातून येऊन इथल्या रंगाऱ्यांचा धंदा बुडवत होते, त्या काळात त्यांनी तेच रसायन इथल्या मुलांच्या हाती देण्याचे ठरवले. रंगाई, छपाई, चित्रकला, यंत्रकाम असे विषय तिथे शिकवले जात, आणि गज्जरांचा आग्रह होता की हे शिक्षण देशी भाषेत व्हावे. हा आग्रह भावनेपोटी नव्हता. रंगाच्या कढईपाशी उभ्या असलेल्या मुलाला तापमान आणि प्रमाण यांचा संबंध त्याच क्षणी कळला पाहिजे. आधी भाषा आणि मग विषय अशा दोन पायऱ्या त्याला चढायला लावल्या तर तो पहिल्याच पायरीवर थांबेल, हा त्यामागचा हिशेब होता. माझ्या मते आपल्या तंत्रशिक्षणाच्या इतिहासात याहून शहाणा निर्णय क्वचितच झाला असेल.

त्र्यंबकेश्वरला 1870 मध्ये जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून याच कलाभवनात आले. गज्जरांनी त्यांना तिथली छायाचित्रणाची खोली आणि प्रयोगशाळा वापरू दिली. पुढे रतलामला जाऊन ते ठसे तयार करण्याच्या प्रक्रिया शिकले, ज्यांत तिरंगी छपाईही होती. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. प्लेगने पत्नी आणि मूल गेल्यावर तो संपला. चरित्रकार हा काळ चित्रपटापूर्वीची धडपड म्हणून चार ओळींत आटोपतात, पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. 1912 साली फाळके लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. तिथे ते काही आठवडेच होते. इतक्या थोड्या अवधीत चलच्चित्राचा कॅमेरा आत्मसात झाला, कारण प्रकाश, काळ, रसायन आणि रंग यांचे नाते त्यांना बावीसएक वर्षांपूर्वीच समजलेले होते. नवे शिकायचे ते फक्त यंत्र होते. परत आल्यावर त्यांनी वाटाण्याचे रोप उगवताना थोड्या थोड्या अवकाशाने चित्रित केले. आज महागड्या कॅमेऱ्याच्या मेनूत ‘टाइम लॅप्स’ नावाने जी सोय मिळते, ती त्यांनी कुंडीसमोर कॅमेरा ठेवून स्वतःच्या हाताने केली.

फाळके असामान्य होते, त्यांच्यावरून सर्वसामान्य माणसाचा नियम कसा काढणार, असे कोणी म्हणेल. आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर फाळक्यांकडून शिकलेल्या माणसांत आहे. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचे चित्रीकरण त्र्यंबक तेलंग यांनी केले. ते फाळक्यांचे मित्र. चित्रपटाचा कॅमेरा त्यांना फाळक्यांनीच शिकवला. फाळक्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई कच्च्या फिल्मला भोके पाडणे, रसायने मिसळणे, फिल्म धुणे ही कामे घरातच शिकल्या. त्या कोणत्याही कलाशाळेत गेलेल्या नव्हत्या. 3 मे 1913 रोजी कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आलेला चित्रपट या शिकलेल्या हातांतून तयार झाला. तेव्हा असामान्य होता तो फाळक्यांचा ध्यास. तंत्र मात्र घरच्या भाषेत, करता करता शिकता येण्यासारखे होते आणि शिकले गेले.

आता तबकडीकडे वळू. रसायन लावलेल्या ओल्या काचेवर चित्र घेत त्या काळात त्याला सेकंद लागत, त्यामुळे शटर नावाचे यंत्र बहुधा नसेच. भिंगावरचे टोपण काढायचे, मनात आकडे मोजायचे आणि टोपण परत लावायचे. छिद्र लहानमोठे करायचे तर वेगवेगळ्या मापाची भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या भिंगातल्या खाचेत सरकवत. म्हणजे छायाचित्रकाराच्या हाती दोनच गोष्टी होत्या: किती मोठे भोक आणि किती वेळ. तबकडीवरचे ‘ए’ म्हणजे भोक तुम्ही ठरवा, वेळ कॅमेरा ठरवील. ‘एस’ म्हणजे याच्या उलट. ‘एम’ म्हणजे दोन्ही तुम्ही ठरवा. यापलीकडे या तीन अक्षरांत काही नाही. तिसरी गोष्ट नंतर आली. जिलेटिनच्या कोरड्या काचा तयार मिळू लागल्यावर कोणती काच किती चपळ हे मोजण्याची गरज पडली, आणि हर्टर व ड्रिफील्ड या दोघांनी 1890 मध्ये, म्हणजे कलाभवन सुरू झाले त्याच वर्षी, ती मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आजचा आयएसओ हा आकडा त्याच शोधाचा दूरचा वंशज. म्हणून आयएसओ शेवटी शिकावा. भोक आणि वेळ यांनी प्रकाश खरोखर कमीजास्त होतो. आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर एकही जादा किरण पडत नाही, मिळालेला संकेत तेवढा वाढवला जातो आणि चित्रातला खरखरीतपणा उघडा पडतो. पुस्तिका या तिघांना एका त्रिकोणाचे सारखे कोन म्हणून मांडते. इतिहास त्यांना दोन अधिक एक असे मांडतो, आणि इतिहासाची मांडणी अधिक खरी आहे.

रंगाची गोष्ट तर कडोदऱ्याला सगळ्यांत जवळची. सुरुवातीच्या काचांना निळा प्रकाश दिसे, हिरवा आणि तांबडा जवळजवळ दिसत नसे; त्यामुळे तांबडे लुगडे चित्रात काळे येई. बर्लिनच्या हर्मान फोगेल यांनी 1873 मध्ये शोधून काढले की काचेवरच्या रसायनात योग्य रंगद्रव्य मिसळले तर तिला हिरवाही दिसू लागतो. छायाचित्राला रंगाची जाण आली ती अशी, रंगाऱ्याच्या रसायनातून. तिरंगी छपाई याच पायावर उभी राहिली. आणि आजचा सेन्सरही स्वतःहून रंग ओळखत नाही. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांच्या 1976 च्या पेटंटाप्रमाणे त्याच्या प्रत्येक बिंदूवर तांबडी, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते, आणि उरलेले रंग शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने काढले जातात. व्हाईट बॅलन्स ही सेटिंग या हिशेबाला सांगते की समोरच्या उजेडात पांढरे कशाला म्हणायचे. गिरणीतला माणूस हे वेगळ्या रूपात जाणतोच: रंगवलेला ताका ट्यूबलाइटखाली एक दिसतो आणि दारात उन्हात धरला की दुसरा. त्याला व्हाईट बॅलन्स शिकवायला इंग्रजी पुस्तिकेची गरज नाही, फक्त त्याच्या रोजच्या अनुभवाचे बटण कॅमेऱ्यावर कुठे आहे ते दाखवायचे आहे.

यावर सगळ्यांत जोरदार आक्षेप असा की आता हे सगळे कॅमेरा स्वतः करतो, मग कशाला शिकायचे? 1978 मध्येच कॅननच्या ए-1 ने भोक आणि वेळ दोन्ही आपोआप ठरवून दाखवले होते, आणि त्यानंतरची यंत्रे कितीतरी पुढे गेली आहेत. लग्नाच्या मांडवात किंवा सहलीत ऑटो उत्तम काम देतो, हे मी मनापासून मान्य करतो. पण कॅमेऱ्याचे उजेडमापक मुळात समोरचे दृश्य मध्यम उजळ आहे असे धरून चालते. समोर सगळी पांढरी साडी असेल तर ते तिला मळकट करते, काळी जर असेल तर तिला फिकट. गिरणीतल्या जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात. ऑटोने वेळ फार कमी धरला की चित्रात आडवे काळे पट्टे उमटतात. वेळ एक शतांश किंवा एक पन्नासांश सेकंदावर बांधला की पट्टे जातात. ‘एस’ शिकलेल्याला हे काही क्षणांचे काम आहे, न शिकलेला कॅमेरा बिघडला म्हणून दुकानात नेतो. म्हणजे ऑटो नेमका जिथे पोटापाण्याचा प्रश्न आहे तिथे कमी पडतो.

दुसरा आक्षेप अधिक बारकाईचा आहे: डिजिटल कॅमेऱ्यात रसायन नाही, अंधारखोली नाही, तर हा इतिहास कशाला? काही गोष्टी खरोखरच नव्या आहेत. डोळा ओळखून त्याचा पाठलाग करणारा फोकस किंवा हात हलला तरी सेन्सर सावरून धरणारी यंत्रणा यांना फाळक्यांच्या काळात पूर्वज नाही, आणि त्यांच्यासाठी पुस्तिकाच उघडावी लागेल. परंतु रॉ फाइल म्हणजे न धुतलेली काच, आणि संगणकावर ती खुलवणे म्हणजे अंधारखोलीतले काम, हे कळले की ती ठेवायची की जेपेगवर भागवायचे हा निर्णय सोपा होतो. निर्णय तेच राहिले, त्यांची जागा बदलली. मोबाइलवर हिंदीत आणि मराठीत भरपूर धडे फुकट मिळतात, हेही खरे, आणि त्यांनी पुष्कळांचे भले केले आहे. तरी त्यांतले बहुतेक एका मॉडेलचे कोणते बटण दाबायचे ते सांगतात. मॉडेल बदलले की धडा जुना होतो, आणि शिकणाऱ्याचे चित्र पाहून चूक दाखवणारे कोणी नसते. तेलंगांच्या चित्रीकरणावर फाळक्यांची नजर होती.

कलाभवनाचे पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रविद्याशाखेत रूपांतर झाले. सुरत जिल्ह्यातल्या गिरणीमालकांनी, व्यापारी मंडळींनी आणि इथल्या मराठी मंडळांनी गज्जरांचा तो आग्रह पुन्हा हाती घ्यावा. गिरणीच्या पाळीनंतर भरणारा एक वर्ग, मराठीत आणि गुजरातीत. आधी भोक आणि वेळ, मग रंग, शेवटी आयएसओ. प्रयोगाला गिरणीतलाच ताका आणि गिरणीतलाच उजेड. आणि प्रत्येकाचे चित्र तपासून देणारा एक शिक्षक. यासाठी नवी इमारत लागत नाही. खानदेशातून आलेल्या ज्या मुलामुलींना रंगाची नजर आधीच आहे, त्यांना या वर्गात पहिली जागा द्यावी.