तुंबडी, शिंगी आणि हजामत

एखाद्याने सार्वजनिक पैशावर डल्ला मारला की आपण सहज म्हणतो, ‘त्याने आपली तुंबडी भरली.’ ज्या वस्तूच्या नावाने हा उद्धार चालतो ती या मंडपातील किती मंडळींनी प्रत्यक्ष पाहिली असेल, याची आम्हांस शंकाच आहे. तुंबडी म्हणजे वाळवून पोखरलेला लहानसा कडू भोपळा. संस्कृतातील तुंबीचे हे मराठी रूप. गोसाव्याच्या हाती ती भिक्षापात्र होते, वैदूच्या हाती रोग्याच्या पाठीतले रक्त ओढून काढण्याचे साधन. वाक्प्रचार यांतल्या कोणत्या तुंबडीवरून आला यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. आमचा कल गोसाव्याकडे आहे, कारण तुंबडी भरते ती पिठाने. परंतु बोलणाऱ्याच्या मनात ती दुसरी, रक्त ओढणारी तुंबडीही डोकावत असावी. एरवी त्या शब्दाला एवढा डंख आला नसता.

भीमा आणि नीरा यांच्या बेचक्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे फळ परके नाही. भीमेच्या खालच्या अंगाला, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकणाऱ्या मोठ्या भोपळ्यांतून मिरजेचे तंबोरे घडतात. नदी पोहून जाताना वाळके भोपळे बांधून जो तरंगता आधार करीत, त्याला सांगड म्हणत. आज आपण विचारांची सांगड घालतो तेव्हा भोपळा आठवत नाही इतकेच. एकाच वेलाने गवयाला सूर दिला, पोहणाऱ्याला आधार दिला, आणि उसण भरलेल्या कुणब्याला उतारही दिला.

ही विद्या किती जुनी? सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात रक्त काढण्याची तीन सौम्य साधने सांगितली आहेत: शृंग, जलौका आणि अलाबू. म्हणजे आपल्या शिंगी, जळू आणि तुंबडी. वाताने दूषित रक्ताला शिंगी, पित्ताला जळू, कफाला तुंबडी, अशी त्यांची वाटणी आहे. जळू कोणासाठी, तर राजे, श्रीमंत, बालके, वृद्ध, भित्रे, दुबळे, स्त्रिया आणि सुकुमार यांच्यासाठी. राजाला भित्र्यांच्या पंगतीला बसविणाऱ्या या आचार्यांचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते. वाग्भटाने पुढे घटीची, म्हणजे लहान घड्याची भर घातली. वसंतात कफ चाळवतो असे आयुर्वेद मानतो. त्या हिशेबाने वसंत व्याख्यानमालेत तुंबडीवर बोलणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

कृती साधी होती. शिंगाच्या टोकाला भोक असे. रुंद तोंड अंगावर टेकवायचे, टोकाकडून तोंडाने हवा ओढायची आणि मेणाने भोक बंद करायचे. तुंबडीत जळती वात धरून ती चटकन अंगावर पालथी घालीत. आतली तापलेली हवा निवली की तिचा दाब उतरतो, आणि बाहेरच्या दाबाने कातडी आत फुगते. नुसते एवढेच केले तर ती कोरडी तुंबडी. रक्त काढायचे असेल तर आधी वस्तऱ्याने बारीक चिरा पाडीत. त्यांना फासण्या म्हणत. घरोघरच्या आजीबाईही एक कोरडी तुंबडी जाणत होत्या. बेंबी सरकली म्हणून पोटावर कणकेचा दिवा ठेवायचा आणि त्यावर तांब्या पालथा घालायचा, ही तिचीच बहीण.

आता शब्दांची खरी गंमत पुढेच आहे. अरबी भाषेत तुंबडी लावण्याला हिजामा म्हणतात आणि ती लावणाऱ्याला हज्जाम. हे काम आणि दाढी-डोई करण्याचे काम एकाच वस्तऱ्याने होई. म्हणून फारसी-उर्दूच्या वाटेवर हज्जाम हा न्हावी झाला, आणि मराठीत आला तेव्हा ‘हजामत’ म्हणजे केवळ श्मश्रू उरले. इंदापूरच्या चांदशावली दर्ग्याच्या परिसरात एखादा वृद्ध ‘हिजामा’ म्हणतो आणि बाजारपेठेत दुसरा ‘हजामत’ म्हणतो, तेव्हा ते एकाच धातूचे दोन शब्द उच्चारीत असतात. पण मराठीने त्यावर आणखी एक संस्कार केला. ‘बिनपाण्याने हजामत’, ‘वैदूगिरी’ अशी निंदेची लेणी या धंद्यांवर चढविली. बारा बलुतेदारांतला न्हावी गावचा शस्त्रवैद्यही होता, हे आपण विसरलो आणि त्याचे नाव तेवढे चेष्टेला ठेवले.

लंडनमध्येही न्हावी आणि शस्त्रवैद्य यांची एकच पंचायत होती. १७४५ साली ते वेगळे झाले. १८०० साली शस्त्रवैद्यांचे राजमान्य महाविद्यालय उभे राहिले. इंग्लंडात शस्त्रवैद्याला डॉक्टर न म्हणता आजही ‘मिस्टर’ म्हणतात, त्यात त्या जुन्या वस्तऱ्याचीच आठवण आहे. तिकडे वस्तऱ्याची शाळा झाली. इकडे त्याची शिवी झाली. रक्त काढण्याच्या अतिरेकाबद्दल मात्र युरोपने आम्हांला शिकवू नये. १८३३ साली एकट्या फ्रान्सने चार कोटींहून अधिक जळवा परदेशांतून आणविल्या होत्या. पुढे दोनच वर्षांनी पॅरिसच्या पिएर लुई या वैद्याने रुग्णांची चक्क मोजदाद करून दाखविले, की फुप्फुसदाहात रक्त काढण्याचा उपयोग समजत होते त्यापेक्षा फारच थोडा. मोजून पाहण्याची ही रीत तेवढी आपण त्यांच्याकडून घेण्याजोगी.

नीरा डाव्या कालव्याचे पाणी आपल्या तालुक्यांत खेळू लागले त्याच सुमारास, १८८५ साली, पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर छापले गेले. त्यात वैदूंच्या झोळीवाले, चटईवाले आणि दाढीवाले अशा शाखा नोंदल्या आहेत. गावाबाहेर पाल ठोकावे, पुरुषांनी जडीबुटी घेऊन हिंडावे, बायकांनी ‘सुया घे, दाभण घे, बिब्बा घे’ अशी आरोळी देत दारोदार जावे, हा त्यांचा क्रम. १९३८ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने वैद्य-हकिमांची नोंदणी सुरू केली आणि १९६१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने नोंदणीवाचून वैद्यकी करणे गुन्हा ठरविले. कायदा चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. एकाच्या रक्ताने माखलेली शिंगी दुसऱ्याला लावली तर काविळीसारखे रोग त्यातून जातात, हे आज सर्वज्ञात आहे. परंतु शिकलेल्यांच्या पाठीवर त्याच गोल खुणा दिसू लागल्या की आपला सूर बदलतो. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्स या जलतरणपटूच्या खांद्यावर त्या खुणा जगाने पाहिल्या, आणि शहरोशहरी काचेच्या व प्लॅस्टिकच्या वाट्या लावणारी दालने निघाली. दुखण्यावर थोडा उतार पडतो एवढेच अभ्यासक आजही सावधपणे सांगतात. रोग बरे होतात असा पुरावा नाही. दालनात मात्र तुंबडी हा शब्द कोणी उच्चारीत नाही.

एक आठवण सांगून थांबतो. आमच्या लहानपणी इंदापूर तालुक्यात, नीरेकाठच्या आमच्या घरी, आजोबांच्या पाठीत उसण भरली. चार दिवस त्यांना कूस वळवेना. वैदीण आली. ओसरीखाली अंगणातच आजोबांना पालथे निजविले, तीन तुंबड्या लावल्या, काळपट रक्त राखेत पुसले. संध्याकाळी आजोबा उठून बसले. उसण चार दिवसांत आपोआपही उतरते, हे आम्हांस पुढे कळले. त्या दिवशी घरात सगळे तिला दुवा देत होते. आजीने शेरभर ज्वारी तिच्या झोळीत घातली, ती वरून, हात न लागेल अशी. बाईने पाणी मागितले. आजीने तांब्या आणला आणि तिला ओंजळ पुढे करायला सांगितली. तिने ओंजळीने पाणी प्यायले, उरलेल्या पाण्यात तुंबड्या विसळल्या आणि एकीत दुसरी बसवून ती पुढच्या दाराला गेली.