पिकरिंग पायस
तेल व पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्म घन कणांचा थर बसल्याने टिकून राहणारे इमल्शन म्हणजे पिकरिंग पायस. वॉल्टर रॅम्सडेन यांनी १९०३ मध्ये व एस. यू. पिकरिंग यांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन केले. पिकरिंग यांचा रोख फळबागांवरील फवारणीकडे होता. पॅराफिन तेलाचे थेंब त्यांनी ताम्र सल्फेट व चुन्यापासून मिळणाऱ्या साक्याने सावरले. दोन्ही द्रवांनी अंशतः भिजणारा कण सीमेवर बसला की सहसा सुटत नाही. त्यामुळे थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. साबणासारख्या पृष्ठक्रियाकारकांचे रेणू मात्र सतत ये-जा करतात.

झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे कण सनस्क्रीनमध्ये अतिनील किरण अडवतात आणि मिश्रणही टिकवू शकतात. मार्गारिनमधील पाण्याच्या थेंबांना चरबीचे स्फटिक सांभाळतात, तर एकजीव केलेल्या दुधात केसिनचे कण स्निग्धगोलकांना चिकटतात. रासायनिक अभिक्रियांत उत्प्रेरक कणच सीमेवर बसवता येतात. अभिक्रियेनंतर ते गाळून पुन्हा वापरता येतात, ही या पद्धतीची खरी जमेची बाजू. थेंबावरचे कण एकमेकांशी जोडल्यास औषधे वाहून नेणाऱ्या पोकळ कुप्या तयार होतात. खनिज तेलाच्या उद्योगात मात्र हाच चिवटपणा नडतो: मातीचे कण व अस्फाल्टीन यांनी धरून ठेवलेले पाणी वेगळे करण्यासाठी उष्णता, विद्युत क्षेत्र किंवा पायसभंजक रसायने वापरावी लागतात.