मूल मधोमध उभं करणारा बिशप

मागच्या रविवारी माझी चार वर्षांची भाची अंगणात एका मुंगीमागे बसली होती. मी शेजारी लॅपटॉपवर बग शोधत होतो. "मामा, ही परत का आली?" तिनं पाचव्यांदा विचारलं आणि मी तिच्यावर ओरडलो. ती गप्प झाली. रात्री झोप लागेना, म्हणून मी सतराव्या शतकातल्या एका बिशपबद्दल वाचत बसलो. आजचा एपिसोड त्याच्यावर.

नाव यान आमोस कोमेनियस. तुमच्यापैकी कोणी बी.एड. केलं असेल, तर परीक्षेपुरतं पाठ केलं असेल. जन्म १५९२, मोराव्हियातला, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला. लहानपणीच आईवडील गेले. पुढे तो एका छोट्या प्रोटेस्टंट पंथाचा धर्मगुरू झाला. मग युरोपात धर्मावरून तीस वर्षांचं युद्ध पेटलं. १६२२ मध्ये प्लेगनं त्याची बायको आणि दोन्ही लहान मुलं नेली. त्याच्या पंथाला देशात जागा उरली नाही, तेव्हा १६२८ मध्ये तो पोलंडमधल्या लेश्नो गावी गेला.

आणि स्वतःची मुलं गमावलेला हा माणूस तिथे काय लिहितो? सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना घरी कसं वाढवावं, याचं पुस्तक! १६३३ मध्ये ते जर्मनमध्ये छापलं गेलं. त्यात तो आईबापांना सांगतो की मूल सोन्याचांदीपेक्षा मोलाचं आहे. आणि पुढे म्हणतो, मूल हा मोठ्यांसाठी आरसा आहे. नम्रपणा, मायाळूपणा कसा असतो, ते त्यात बघा.

याचा आधार मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. शिष्य येशूला विचारतात, स्वर्गाच्या राज्यात सगळ्यात मोठा कोण? येशू एका लहान मुलाला बोलावतो, त्यांच्या मधोमध उभं करतो आणि सांगतो की असं झाल्याशिवाय तुम्हाला आत जाता येणार नाही. म्हणजे प्रश्न 'सीनियर कोण' असा होता आणि उत्तर म्हणून लहान मूल उभं राहिलं.

पण चर्चमध्ये सगळे असं बघत नव्हते. त्याच्या बाराशे वर्षं आधी संत ऑगस्टीननं लिहिलं होतं की दुसऱ्या बाळाला दूध मिळताना बघून तान्हं बाळसुद्धा जळतं, म्हणजे तेही निष्पाप नाही. खुद्द कोमेनियसही अगदी आजच्या विचारांचा नव्हता. हट्टी मुलाला शेवटचा उपाय म्हणून छडी चालेल, असं त्यानंही लिहिलंय. हे लपवून त्याला देव करण्यात अर्थ नाही.

तरी फरक आहे. १६५६ मध्ये लेश्नो जळालं, त्यात त्याची अनेक वर्षांची हस्तलिखितं गेली. दोनच वर्षांनी, १६५८ मध्ये, न्युरेंबर्गमध्ये त्याचं 'ऑर्बिस पिक्टस' छापून आलं. मुलांसाठी चित्रांचं पुस्तक, १५० धडे, लॅटिन आणि जर्मन शेजारी शेजारी. आपल्या तक्त्यावर असतं 'अ अननसाचा'. पण अननस काही 'अ' म्हणत नाही! कोमेनियसच्या पुस्तकात प्रत्येक अक्षराला एक आवाज आहे. एका अक्षराला कावळ्याचं ओरडणं, एकाला कोकराचं बें बें, आणि एका अक्षराला चक्क बाळाचं रडणं.

मी इथे थांबलो. ज्या आवाजाला आपण 'गप्प बस' म्हणतो, तो या माणसानं अक्षर म्हणून छापला. त्यासाठी आधी तो नीट ऐकावा लागला असणार. मुलाला शिकवण्याआधी मुलाकडून शिकणं म्हणतात ते हेच असावं.

काल भाची परत आली. मी लॅपटॉप बंद केला, तिच्या शेजारी उकिडवा बसलो आणि विचारलं, "त्या दिवशी मुंगी परत का आली होती गं?"

ती म्हणाली, "मामा, तिचा डबा राहिला होता."

बास. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.