वाचून दाखवणारीचं नाव



श्रावणात गावात पोथी लागते. एकजण वाचतं आणि बाकीच्या वाती वळत ऐकतात. पोथी कोणती होती ते सगळ्यांना आठवतं, पण तीन वर्षांपूर्वी ती कुणी वाचली हे विचारलं तर आठवावं लागतं. आपल्या गटातही तसंच होतं. बैठकीच्या सुरुवातीला एक ताई मागचं इतिवृत्त मोठ्यानं वाचते आणि वहीत आपण लिहितो, 'इतिवृत्त वाचून कायम केले'. कुणी वाचलं ते लिहीत नाही. वाचून दाखवणं म्हणजे काही काम नव्हे, असं आपण धरूनच चालतो.

जगानंही बरीच वर्षं असंच धरलं होतं. आज मात्र पुस्तक वाचून दाखवणाऱ्या आवाजाला पुरस्कार मिळतो. तिथपर्यंत कसं पोचलो, ती हकिगत आज सांगते.

अमेरिकेत एडिसननं 1877 साली फोनोग्राफ हे आवाज साठवणारं यंत्र केलं. त्याचा काय काय उपयोग होईल याची यादी त्यानं पुढच्याच वर्षी छापली. त्या यादीत अंध माणसांसाठी बोलणारी पुस्तकं होती. पण त्या यंत्रात जेमतेम दोन-तीन मिनिटांचा आवाज मावायचा, त्यामुळे अख्खं पुस्तक त्यात बसणं शक्यच नव्हतं.

पुढं पन्नासएक वर्षं गेली. मोठ्या तबकड्या आल्या, एका बाजूला साधारण पंधरा मिनिटं वाचन मावू लागलं. अमेरिकेच्या सरकारनं 1931 साली अंध प्रौढांच्या पुस्तकांसाठी कायदा करून पैसा दिला आणि 1934 पासून बोलकी पुस्तकं निघू लागली. इंग्लंडमध्ये ती 1935 च्या नोव्हेंबरात सुरू झाली. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांची गरज त्यामागं होती. अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा तिथल्या पहिल्या पुस्तकांत होती. आता हिशेब करा. आठ तासांची कादंबरी असेल तर सोळा तबकड्या. त्या पोस्टानं पेटीतून घरी यायच्या, ऐकून झाल्या की परत जायच्या. अमेरिकेत तर या तबकड्या फक्त अंधांसाठीच होत्या, बाजारात विकायची परवानगी नव्हती. वाचणाऱ्याचा आवाज हजारो घरांत जायचा, पण बाहेरच्या जगाला तो ऐकूही यायचा नाही.

हे दार उघडलं दोन मुलींनी. बार्बरा कोहेन आणि मॅरियन रोनी, दोघी बावीस वर्षांच्या, न्यूयॉर्कच्या एका कॉलेजात बरोबर शिकलेल्या. लेखकांच्या आवाजातलं साहित्य तबकडीवर आणून विकायचं त्यांनी ठरवलं. 1952 साली वेल्सचा कवी डिलन थॉमस न्यूयॉर्कला कवितावाचनाला आला होता. दोघींनी त्याला चिठ्ठी पाठवली, पण खाली पूर्ण नाव न घालता फक्त आद्याक्षर आणि आडनाव घातलं. मुलींची चिठ्ठी म्हणून बाजूला पडू नये एवढाच त्यात हेतू. बँकेत, पंचायतीत गेल्यावर 'घरचं कोणी माणूस नाही का आलं?' हा प्रश्न ज्यांनी ऐकलाय, त्यांना ही आद्याक्षरं समजतील.

कवी तयार झाला. कविता वाचून झाल्या, पण तबकडीची दुसरी बाजू भरायला मजकूर कमी पडला. तेव्हा त्याला स्वतःचीच एक गोष्ट आठवली. लहानपणच्या नाताळाची, एका महिला मासिकात छापून आलेली. ती त्यानं वाचली. ती तबकडी प्रचंड खपली आणि मासिकात विसरली गेलेली ती गोष्ट त्याच्या आवाजामुळं घरोघरी पोचली. 2008 साली अमेरिकेनं ती राष्ट्रीय ठेवा म्हणून जपायच्या ध्वनिमुद्रणांत घेतली.

दोघींनी कंपनीला नाव दिलं कॅडमन. कॅडमन हा सातव्या शतकातला इंग्लंडमधला गुराखी. मठात गुरं राखायचा. गाणी सुरू झाली की आपल्याला येत नाही म्हणून लाजून उठून जायचा. एके रात्री स्वप्नात त्याला गाणं सुचलं, अशी कथा आहे. मठाची प्रमुख हिल्डा नावाची बाई होती. तिनं त्याचं गाणं ओळखलं. मग मठातले लोक त्याला धर्मग्रंथ वाचून दाखवायचे आणि तो ऐकून त्यावर कविता रचायचा. इंग्रजीतला नाव माहीत असलेला हा पहिला कवी. त्याची विद्या कानानं मिळवलेली होती. 'मला वाचता येत नाही, पुस्तक माझ्यासाठी नाही' असं म्हणणाऱ्या प्रत्येक मावशीला मला हा गुराखी सांगावासा वाटतो.

पुढं कॅसेट आली. 1975 साली अमेरिकेत रोज गाडीनं लांब कामावर जाणाऱ्या डुवॉल हेक्ट नावाच्या माणसानं अख्ख्या पुस्तकांच्या कॅसेट भाड्यानं द्यायला सुरुवात केली. आता डोळस माणसंही ऐकू लागली, कारण हात आणि डोळे कामात असले तरी कान मोकळे असतात. आपण भाकरी थापताना रेडिओ लावतो तो याच कारणानं.

ऐकणारे वाढले, तसा नीट वाचणारा कोण हा प्रश्न पुढं आला. बोलकी पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशकांनी 1986 साली अमेरिकेत संघटना केली आणि 1996 पासून ती 'ऑडी' नावाचे पुरस्कार देऊ लागली. विनोदी, रहस्य, मुलांची पुस्तकं असे त्यात बरेच विभाग आहेत. साहित्यिक कादंबऱ्या आणि अभिजात, म्हणजे काळावर टिकलेली पुस्तकं, यांसाठीही विभाग आहे. आधी हे दोन वेगळे होते, पुढं एकत्र झाले.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा अभिजात पुस्तकांचा विभाग. जुन्या पुस्तकाचा लेखक शंभर-दीडशे वर्षांपूर्वी गेलेला असतो. शब्द त्याचेच, एकही बदलायचा नाही. तेच पुस्तक आधी दहा जणांनी वाचून ठेवलेलं असतं. मग पुरस्कार कशाचा? अर्थातच वाचनाचा. पीठ एकाच गिरणीतलं असलं तरी प्रत्येकीच्या हातची भाकरी वेगळी होते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आणि हे काम सोपं नाही. वाचणारा आधी अख्खं पुस्तक वाचून काढतो. कोणत्या पात्राचा आवाज कसा, कुठं थांबायचं, हे ठरवतो. बंद खोलीत कपड्यांची सळसळ झाली, पोट गुरगुरलं, तरी वाक्य पुन्हा घ्यावं लागतं. ऐकायला एक तास लागतो, त्यासाठी दोन-तीन तास किंवा जास्तही खोलीत बसावं लागतं. 2018 साली ऑडीचा वर्षातल्या सर्वोत्तम पुस्तकाचा मान एका अशा कादंबरीला मिळाला, जी 166 जणांनी मिळून वाचली होती. दफनभूमीतले मृतात्मे त्यात बोलतात आणि जवळजवळ प्रत्येकाला वेगळा आवाज दिला होता.

मराठीही यात आता मागं नाही. स्वीडनची स्टोरीटेल कंपनी 2017 साली भारतात आली, तेव्हा इंग्रजी-हिंदीबरोबर मराठी पुस्तकं घेऊन आली. मोबाइलवर पुस्तक उघडलं की लेखकाच्या नावाबरोबर वाचणाऱ्याचं नाव दिसतं. पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा तेही नाव वाचा, वाचता येत नसेल तर विचारा.

आणि एक काम गटात करू या. पुढच्या बैठकीत वहीत लिहिताना 'इतिवृत्त वाचून कायम केले' एवढ्यावर थांबायचं नाही. आधी वाचणाऱ्या ताईचं नाव घालायचं, 'अमुक ताईंनी वाचले' असं. जिला वाचता येत नाही तिनं एखादी ऐकलेली गोष्ट सांगायची, आणि तिचंही नाव वहीत चढवायचं.